हेड गॅस्केट बदलल्यानंतर इंजिनाची रेस वर-खाली होणे : तपासाच्या नोंदी

पार्श्वभूमी

गाडी २००१ सालची सेदान आहे. दीड लिटरचे, चार सिलिंडरचे, सोळा व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन, केबलने उघडणारा थ्रॉटल (हवेची झडप), पाच गिअर आणि आजवर १,३८,००० किलोमीटर. वडिलांनी ती नवी घेतली होती. पंधरा वर्षे झाल्यावर २०१६ मध्ये आणि नंतर २०२१ मध्ये आम्ही तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले, कारण ती विकावी असे घरात कोणालाच वाटत नाही. बनावटीचे नाव येथे लिहिलेले नाही. पुढे जो दोष सापडला तो बनावटीचा नव्हता, कामानंतर राहून गेलेल्या गोष्टीचा होता.

दिवाळीनंतर कोकणातून परतताना गगनबावड्याचा घाट चढत असता रेडिएटरचा खालचा होज फाटला, कूलंट वाहून गेला आणि मला थांबायला दोन-तीन मिनिटे उशीर झाला. हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि ब्लॉक यांच्यातला सांधा बंद ठेवणारे हेड गॅस्केट गेले. कोल्हापुरात हेड उतरवले, उद्यमनगरात त्याचे फेसिंग करून (पृष्ठभाग घासून सपाट करून) घेतले, आणि गॅस्केट, टायमिंग बेल्ट व वॉटर पंप नवे बसवले. शुक्रवार, ११ नोव्हेंबर २०२२ रोजी संध्याकाळी गाडी ताब्यात मिळाली. इंजिनाचा आवाज स्वच्छ होता, धूर नव्हता, तापमानाचा काटा मधोमध होता. मात्र सिग्नलला उभे राहिले की रेस आपोआप वर-खाली होत होती.

शनिवार, १२ नोव्हेंबर २०२२

आजचा दिवस केवळ निरीक्षणासाठी ठेवला. एकही पाना हातात घ्यायचा नाही, असे ठरवले होते.

सकाळी सात वाजता थंड इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झाले आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) १५०० वर स्थिर राहिले. थंड इंजिनाला हे शोभते. पहिली चार मिनिटे काहीही वावगे दिसले नाही. पाचव्या मिनिटाला, तापमानाचा काटा हलू लागल्यावर, आरपीएम १७०० पर्यंत चढले, तेथून झटकन ११०० वर आले, पुन्हा १७०० वर गेले, आणि मग हे चक्र थांबलेच नाही. घड्याळ लावून मोजले तेव्हा एका मिनिटात २८ हेलकावे भरले. ते अनियमित असते तर मी एखाद्या सैल वायरचा विचार केला असता, पण इतकी ठरावीक लय असेल तर त्यामागे काहीतरी नियम असला पाहिजे.

आणखी दोन गोष्टी टिपल्या. एसी चालू केला की हेलकावे पूर्ण थांबतात आणि इंजिन १२५० वर स्थिर होते; एसी बंद केला की काही सेकंदांत ते परत येतात. दुसरे असे की दुसऱ्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तरी गाडी नीट मंदावत नाही, मागून कोणी हलकेच ढकलत असल्यासारखी पुढे सरकत राहते.

गॅरेजमध्ये फोन केला तेव्हा, बॅटरी काढली होती, चार-आठ दिवस गाडी चालवा म्हणजे ईसीयू (इंजिनावर ताबा ठेवणारा संगणक) स्वतःला सावरून घेईल, असे सांगण्यात आले. बॅटरी काढल्यावर ईसीयू आयडलचे, म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाच्या वेगाचे, मूल्य नव्याने शिकतो हे खरे आहे. तरीही इतक्या मोठ्या फरकाला ते कारण पुरेसे वाटत नाही.

रविवार, १३ नोव्हेंबर २०२२

या गाडीला हल्लीचा स्कॅनर जोडता येत नाही. डॅशबोर्डखाली दोन पिनांचा एक सर्व्हिस कनेक्टर आहे. त्या दोन पिना तारेने जोडून इग्निशन चालू केले की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून दोषाचा क्रमांक सांगतो. तसे करून पाहिले. एकही क्रमांक साठलेला नव्हता. म्हणजे ईसीयूच्या दृष्टीने त्याचे सर्व सेन्सर ठीक होते.

त्यानंतर कामात कोणकोणत्या वस्तूंना हात लागला त्याची वहीत यादी केली : हेड, इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग), थ्रॉटल बॉडी, सर्व व्हॅक्यूम होज, डिस्ट्रिब्यूटर, टायमिंग बेल्ट, व्हॉल्व्हचे क्लिअरन्स (मोकळे अंतर), वॉटर पंप, कूलंट. काम होण्याआधी आयडल ७५० वर अचल होते. म्हणून दोष या यादीतच कुठेतरी आहे असे धरून चालायचे ठरवले.

पहिला संशय मॅनिफोल्डमधून बाहेरची हवा आत शिरण्याचा. बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या आकृतीशी प्रत्येक होज ताडून पाहिला. सर्व आपापल्या जागी होते. ब्रेक बूस्टरचा होज रबरी तुकडे लावलेल्या पकडीने दाबून बंद केला, फरक पडला नाही. क्रँककेसच्या वाफेचा होज दाबला, आरपीएम जेमतेम पन्नासाने उतरले, जे साहजिक आहे. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यावर फवाऱ्याने पाणी मारले; भेग असती तर पाणी ओढले जाऊन क्षणभर आवाज बदलला असता. तोही बदलला नाही. या चाचणीसाठी अनेक जण पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ते मी कधीच करणार नाही.

येथे एक गोष्ट सविस्तर लिहून ठेवतो, कारण मला स्वतःला ती उलगडायला संध्याकाळ लागली. ज्या इंजिनात आत येणारी हवा मार्गातच मोजली जाते, तेथे मोजणीनंतरच्या भागात गळती असेल तर ती हवा हिशेबाबाहेर राहते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळते. या गाडीत हवा अशी मोजली जात नाही. ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब पाहतो, आरपीएम पाहतो आणि त्यावरून किती हवा आत गेली असेल याचा हिशेब करतो. त्यामुळे हवा कोणत्याही वाटेने शिरली तरी दाब वाढतो, तेवढे पेट्रोल वाढवले जाते, मिश्रण बरोबर राहते आणि इंजिन फक्त अधिक वेगाने फिरते. अडखळत नाही, धूर सोडत नाही, दोषाचा क्रमांकही देत नाही. आमच्या गाडीचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

मग रेस चढून तेथेच का राहत नाही, खाली का येते? पाय ॲक्सिलरेटरवर नाही, थ्रॉटल पूर्ण मिटलेला आहे, आणि तरी इंजिन एका ठरावीक वेगापेक्षा जास्त फिरते आहे, हे पाहून ईसीयू असा अर्थ लावतो की गाडी उतारावर किंवा गिअरमध्ये मंदावत आहे. अशा वेळी पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून तो पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. आरपीएम कोसळतात. ते खालच्या मर्यादेशी आले की इंजिन बंद पडू नये म्हणून तो इंजेक्टर पुन्हा चालू करतो; जास्तीची हवा हजरच असते, आरपीएम पुन्हा चढतात. मिनिटाला २८ वेळा हेच घडते आहे. एसीचा भार पडला की वेग वरच्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून हेलकावे थांबतात. आणि इंजिन थंड असताना ही मर्यादा मुळातच उंच ठेवलेली असते, म्हणून पहिली चार मिनिटे शांततेत जातात.

तेव्हा इंजेक्टर, ईसीयू आणि सेन्सर यांना दोष देण्याचे कारण उरले नाही. ते मिळालेल्या परिस्थितीत योग्य तेच करत आहेत. शोधायची आहे ती जास्तीची हवा.

गुरुवार, १७ नोव्हेंबर २०२२

कार्यालयातून आल्यावर दीड तास मिळाला. हेड उतरवलेल्या गाडीत टायमिंग बेल्ट एका दाताने चुकण्याची शक्यता नेहमीच असते. पुढे जाण्याआधी ती बाजूला सारणे आवश्यक होते.

मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज (आतली ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजणारा मापक) जोडला. हेलकावे चालू असताना काटा वाचणे निरर्थक आहे, म्हणून एसी चालू ठेवून वाचन घेतले : १७ इंच. पुस्तकात १८ ते २१ इंच लिहिलेले असते, पण ते समुद्रसपाटीचे माप आहे. दर तीनशे मीटर उंचीला साधारण एक इंच वजा करावा लागतो आणि कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तेव्हा येथे १७ इंच समाधानकारक मानायला हवेत. बेल्ट एक दात मागे असता तर काटा सतत खाली राहिला असता. स्ट्रोब दिवा लावून इग्निशनची खूणही पाहिली; क्रँकच्या पुलीवरची लाल रेघ दर्शकासमोर स्थिर उभी होती.

ईसीयूच्या कूलंट सेन्सरचा रोध गरम इंजिनावर मोजला. ३१० ओहम आला, जो ऐंशी अंशांच्या पुढच्या तापमानाला शोभतो. हे मुद्दाम मोजले, कारण डॅशबोर्डवरचा काटा ज्या सेन्सरवर चालतो तो वेगळा, एका तारेचा असतो. काटा बरोबर दिसला म्हणून ईसीयूलाही बरोबर तापमान कळते असे गृहीत धरता येत नाही. ईसीयूला इंजिन गरम असल्याचे व्यवस्थित कळते आहे.

एक बारीकसे निरीक्षण : व्हॅक्यूमचा काटा स्थिर असला तरी ठरावीक अंतराने किंचित, अर्धा-पाऊण इंच, दचकत होता. एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसावा.

शनिवार, १९ नोव्हेंबर २०२२

रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे व्हॉल्व्ह कव्हर उघडून सोळाही क्लिअरन्स फीलर गेजने तपासले. पंधरा ठीक होते. तिसऱ्या सिलिंडरच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला पाव मिलिमीटरऐवजी जेमतेम ०.१० मिलिमीटर अंतर होते. इंजिन गरम होऊन व्हॉल्व्हची दांडी लांबली की तो पूर्ण मिटत नसणार. ते अंतर नीट केले, कव्हर बसवले, इंजिन तापवले. काट्याचे दचकणे थांबले.

हेलकावे होते तसेच राहिले.

हा दोष मिळाला याचा मला आनंदच आहे, कारण तसाच राहिला असता तर काही हजार किलोमीटरमध्ये तो व्हॉल्व्ह जळाला असता. परंतु ज्याचा शोध चालू आहे तो हा नव्हे, हे स्पष्ट लिहून ठेवणे गरजेचे वाटते. अशा वेळी सापडलेल्या पहिल्या दोषावर सर्व खापर फोडून वही मिटण्याचा मोह होतो.

रविवार, २० नोव्हेंबर २०२२

थ्रॉटल बॉडीपासून हवेची नळी काढली आणि इंजिन गरम असताना, हेलकावे चालू असताना, आत विजेरीने पाहिले. थ्रॉटलची चकती पूर्ण मिटलेली होती. केबलला हवी तेवढी ढील होती. म्हणजे हवा चकतीवरून जात नव्हती. या थ्रॉटल बॉडीच्या तोंडात चकतीच्या अलीकडे दोन छिद्रे आहेत. वरचे छिद्र आयडलच्या विद्युत व्हॉल्व्हकडे जाते, ज्यावर ईसीयूचा ताबा असतो. खालचे छिद्र थर्मो व्हॉल्व्हकडे जाते, ज्यावर कोणाचाच ताबा नसतो. तो केवळ उष्णतेवर चालतो. त्यात मेणाची एक कुपी असते. थंड असताना मेण आकसलेले असते आणि वाट उघडी राहते, त्यामुळे थंड इंजिनाला जादा हवा मिळून रेस आपोआप चढी राहते. कूलंट तापला की मेण फुगून वाट बंद करते. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक ओढल्यावर जी रेस वाढायची, तिचीच ही स्वयंचलित आवृत्ती.

खालच्या छिद्रावर बोट ठेवले. ओढ जोरदार होती, आणि गरम इंजिनात तेथे ओढ जाणवताच कामा नये. बोट घट्ट दाबताच हेलकावे जागच्या जागी थांबले. आरपीएम क्षणभर ५०० पर्यंत कोसळले, इंजिन थरथरले आणि मग सावकाश ७०० च्या आसपास आले. बोट काढले की पुन्हा तोच झुला. हे पाच वेळा करून पाहिले, पाचही वेळा तेच घडले. त्या क्षणिक कोसळण्याला आज मी महत्त्व दिले नाही. वाट एकदम बंद केल्यामुळे तसे होत असेल असे वाटले.

जास्तीची हवा कोणत्या दाराने येते ते कळले. आता ते दार उघडे का राहिले, हा प्रश्न. मेणाची कुपी निकामी झाली असेल, किंवा तिच्यापर्यंत उष्णताच पोहोचत नसेल. थर्मो व्हॉल्व्ह महाग आहे आणि या गाडीसाठी आता सहज मिळतही नाही, म्हणून दुसरी शक्यता आधी तपासली. थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड तापमापक धरला : ८८ अंश. रेडिएटरचा वरचा होज : ८४ अंश. थ्रॉटल बॉडीला कूलंट आणणारा बोटभर जाडीचा होज : ४१ अंश. तेथून परत जाणारा होज तर हाताला जवळजवळ गारच लागला.

एकाच इंजिनातले दोन भाग तापमानाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते. हेडमध्ये बसलेला सेन्सर ईसीयूला इंजिन तापल्याचे सांगत होता, आणि वीतभर अंतरावरची मेणाची कुपी ते अजून थंडच आहे असे समजून हवेचे दार उघडे धरून बसली होती. दोघांचेही आपापल्या जागी खरे होते. थ्रॉटल बॉडीतून कूलंट वाहतच नव्हता, तेथे हवा अडकलेली होती.

मग आठवले की गाडी ताब्यात घेतल्यापासून, सुरू करताना डॅशबोर्डच्या मागे गुळगुळ असा हलका आवाज येत होता. हीटरचा खटका गरम बाजूला सरकवून पंखा लावला. दहा मिनिटे तापलेल्या इंजिनाची हवा कोमटही लागली नाही. हीच खूण पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात मिळाली असती. पण कोल्हापुरात गाडीचा हीटर कोण लावतो? वर्षानुवर्षे तो खटका निळ्या टोकाला पडून असतो, आणि त्यामुळे हीटरच्या वाटेतली हवा बाहेर निघण्याची संधीही मिळत नाही.

सोमवार, २१ नोव्हेंबर २०२२

हवा काढण्याचे काम पहाटे केले, इंजिन पूर्ण थंड असताना. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये हे सर्वांना माहीत असते, तरी घाईत हात जातोच. दाबाखाली शंभर अंशांच्या पुढे गेलेले पाणी झाकण सैल होताच उकळून अंगावर येते.

गल्लीतल्या चढावर गाडीचे तोंड वर करून उभी केली, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच राहील. हीटरचा खटका लाल टोकाला नेला. थर्मोस्टॅटच्या घराजवळ हवा काढण्यासाठी एक छोटा बोल्ट दिलेला आहे. तो सैल केला. त्याच्या कडांवर जुनी गंजाची पुटे जशीच्या तशी होती, म्हणजे कामाच्या वेळी त्याला पाना लागलेला नव्हता. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे-निम्मे मिश्रण रेडिएटरमध्ये बारीक धारेने ओतत राहिलो. बोल्टमधून आधी नुसता फसफसाट झाला, नंतर फेस आला आणि बऱ्याच वेळाने अखंड धार आली. तेव्हा बोल्ट आवळला. वरचा होज हाताने दाबून-सोडून आणखी काही बुडबुडे काढले. झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू केले आणि रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवले. पातळी जसजशी उतरली तसतसे मिश्रण भरत गेलो. एकूण सुमारे ७०० मिलिलिटर आत गेले. एवढी जागा हवेने अडवली होती.

थ्रॉटल बॉडीकडचा होज ७९ अंशांवर पोहोचला. खालच्या छिद्राची ओढ थांबली. हेलकावे गेले.

मात्र वेगळेच काहीतरी सुरू झाले. आयडल ७०० वर होते पण ताणलेले, थरथरणारे. एसी लावताच इंजिन बंद पडले. पुन्हा सुरू करून हेडलाइट लावले आणि जागेवरच स्टिअरिंग वळवले. पुन्हा बंद पडले. ज्याने फक्त वरवर पाहिले असते त्याला वाटले असते की दुरुस्तीने गाडी आणखी बिघडली.

मंगळवार, २२ नोव्हेंबर २०२२

काल रात्री रविवारची नोंद पुन्हा वाचली. बोट ठेवल्यावर आरपीएम ५०० पर्यंत कोसळले होते, आणि मी ते सोडून दिले होते. निरोगी इंजिनात थर्मो व्हॉल्व्ह मिटल्यावर तसे होण्याचे कारण नाही, कारण आयडलपुरती हवा दुसऱ्या एका वाटेने येत असते. थ्रॉटल बॉडीच्या माथ्यावर पितळी स्क्रूने कमी-जास्त करता येणारी एक लहानशी वाट आहे; आयडलची मूळ हवा तिच्यातून जाते आणि विद्युत व्हॉल्व्हने फक्त वरचा फरक भरून काढायचा असतो.

त्या स्क्रूची खाच पाहिली. इतर सर्व पितळ काळवंडलेले असताना खाचेत ताजा, चकचकीत ओरखडा होता. स्क्रू हलकेच आत फिरवून पाहिला. तो आधीच तळाला टेकलेला होता. मूळ हवेची वाट पूर्ण बंद होती, आणि सगळा भार एकट्या विद्युत व्हॉल्व्हवर पडला होता. एसीसाठी उघडायला त्याच्याकडे काही शिल्लकच नव्हते.

काय घडले असावे ते आता उमगते. हवा अडकल्यामुळे रेस जास्त होती, ती कमी करण्यासाठी स्क्रू आत घेतला गेला, आणि तरीही थर्मो व्हॉल्व्हमधून येणारी हवा इतकी होती की स्क्रू पूर्ण मिटूनही हेलकावे राहिले. एका चुकीच्या वाटेने येणारी हवा झाकण्यासाठी बरोबर वाट बंद झाली.

शनिवार, २६ नोव्हेंबर २०२२

मूळ आयडल मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने बसवले. इंजिन पूर्ण तापवले, सर्व विजेचे भार बंद ठेवले, विद्युत व्हॉल्व्हचा कनेक्टर काढला. थ्रॉटल किंचित हाताने धरून इंजिन सुरू केले आणि स्क्रू पाव-पाव फेऱ्याने बाहेर घेत गेलो. पावणेदोन फेऱ्यांवर आरपीएम ४५० वर टेकले, जे या इंजिनाचे विद्युत व्हॉल्व्हविना अपेक्षित मूल्य आहे. इंजिन बंद करून कनेक्टर जोडला, ईसीयूचा फ्यूज काही सेकंद काढून साठलेली शिकवण पुसली, आणि पुन्हा सुरू करून दहा मिनिटे कशालाही हात न लावता चालू ठेवले.

आयडल ७५०. एसी लावल्यावर क्षणभर ७०० आणि मग ८००. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर, ब्लोअर आणि स्टिअरिंगचा पूर्ण वळसा, हे सर्व एकत्र करूनही इंजिन हलले नाही.

संध्याकाळी गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेलो. तक्रार करायची नव्हती. मिस्त्रींना दाखवायचे होते. त्यांनी बॉनेट उघडून दोन्ही पातळ होजना स्वतः हात लावून पाहिला आणि स्क्रू आपणच आत घेतल्याचे सरळ सांगितले. रेस दोन हजारांपर्यंत जात होती, मला गाडी त्याच संध्याकाळी हवी होती, आणि इतकी रेस असताना ती हातात देणे त्यांना बरे वाटेना. तो आग्रह माझाच होता, हे खरे आहे. हवा काढण्याचा बोल्ट त्यांना ठाऊक होता; रेडिएटर भरलेला दिसला आणि काटा मधोमध राहिला म्हणून गरज वाटली नाही, असे ते म्हणाले. मॅन्युअलमधल्या त्या पानाचा फोटो त्यांनी मागून घेतला. तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हचे ऐकून मात्र ते गप्प झाले आणि पुढच्या सर्व्हिसिंगला सोळाही क्लिअरन्स पैसे न घेता पुन्हा तपासून देतो म्हणाले.

रविवार, २७ नोव्हेंबर २०२२

एक शंका राहिली आहे आणि ती लहान नाही. अडकलेली हवा कूलंट भरताना राहिली, असे मी मानले आहे. पण हेड गॅस्केट पुन्हा गळत असेल तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरून तेथे तशीच हवा साठते, आणि लक्षणे तीच दिसतात. मग सगळे काम पुन्हा मुळापासून करावे लागेल.

ओळखीच्या एका मेकॅनिककडून तपासणीची काचेची नळी आणली. तिच्यातला निळा द्राव रेडिएटरच्या तोंडाशी धरून, कूलंटवरची हवा रबरी फुग्याने त्यातून ओढायची. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. दहा मिनिटे गरम इंजिनावर करून पाहिले. रंग निळाच राहिला. तरी एका चाचणीवर विसंबायचे नाही म्हणून राखीव टाकीवर थंड इंजिनाच्या पातळीशी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारली. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी त्या रेघेकडे पाहायचे आहे.

रविवार, ११ डिसेंबर २०२२

चौदा सकाळी पाहिले. पातळी रेघेवरच होती.

आज पहाटे साडेपाचला वडिलांना घेऊन गगनबावड्याला गेलो; सुमारे पंचावन्न किलोमीटर. घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन, थोडे खाली उतरून, जेथे गाडी तापली होती तोच चढ दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये परत चढून आलो. काटा मधोमध राहिला. माथ्यावर थांबल्यावर आरपीएम ७५० होते.

बाहेर दाट धुके आणि चांगलाच गारठा होता. वडिलांनी काहीही न बोलता हात पुढे केला आणि हीटरचा खटका लाल टोकाला सरकवला. थोड्याच वेळात पायांशी गरम हवा येऊ लागली.